शेवाळ खाणारा मासा : एका सल्ल्याची तपासणी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बोईसरच्या एका शाळेत जाण्याचा योग आला. विज्ञानकक्षाबाहेरच्या व्हरांड्यात तीन फूट लांबीचे मत्स्यालय होते. त्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सात-आठ मासे होते. दुकानात त्यांना ‘कॉन्व्हिक्ट’ म्हणतात, कारण अंगावरचे पट्टे जुन्या चित्रांतल्या कैद्यांच्या कपड्यांसारखे दिसतात. हे मध्य अमेरिकेतले सिक्लिड कुळातले मासे. समोरच्या काचेवर हिरवा थर इतका दाट होता की मुले बोटाने पुसून आत डोकावू पाहत, पण थर आतल्या बाजूला असल्यामुळे उपयोग होत नसे.

शाळेतल्या बाईंनी आम्हाला सगळा इतिहास सांगितला. शेवाळ वाढले म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने त्यांनी दोन ‘सकर’ आणून सोडले. एकाचे पर कॉन्व्हिक्टांनी कुरतडले आणि तो आठवड्याभरात मेला. दुसरा तगला, वाढला आणि दोन वर्षांत हातभर लांब झाला. आता तो वळताना झाडे उपटतो, खडी उधळतो, पण काच काही साफ करत नाही. मुलांनी त्याला सूर्या नदीत सोडून द्यायचे ठरवले होते. बाईंचा आम्हाला प्रश्न होता, “आता याच्या जागी शेवाळ खाणारा दुसरा कोणता मासा आणावा? या भांडखोर माशांत टिकेल असा?”

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना आम्ही अडखळलो. याचे एक कारण सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी हाच प्रश्न आम्हाला दुसऱ्या एका शिक्षकांनी विचारला होता आणि आम्ही बेधडक ‘सकर टाका’ असे उत्तर दिले होते. छंदाच्या पुस्तिकांत, दुकानातल्या पाट्यांवर आणि मत्स्यालयाबरोबर मिळणाऱ्या माहितीपत्रकांत हेच लिहिलेले असते. हा सल्ला विज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरतो, हे आज तपासून पाहू.

‘शेवाळ’ कोणते?

या सल्ल्यातला पहिला दोष भाषेचा आहे. ‘शेवाळ’ या एका शब्दात आपण निदान पाच वेगळ्या गोष्टी कोंबतो. नव्या टाकीत, कमी उजेडात येणारा तपकिरी थर डायटमचा असतो. तो मऊ असतो, बोटाने निघतो आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप कमी होतो. काचेवरचे हिरवे, घट्ट ठिपके वेगळे; ते खरवडल्याशिवाय निघत नाहीत. केसांसारखे लांब धागे वेगळे. पाणीच हिरवेगार होते तेव्हा त्यात तरंगणारे एकपेशीय शैवाल असते. आणि ज्या निळसर-हिरव्या, बुळबुळीत चादरीला कुबट वास येतो ते शैवाल नसून जिवाणू असतात, जरी पाठ्यपुस्तकात त्यांना नीलहरित शैवाल म्हटलेले असले तरी.

आता ‘शेवाळ खाणारा मासा’ यांपैकी काय खातो? काच चाटणारा मासा पाण्यात तरंगणाऱ्या पेशी खाऊ शकत नाही. मऊ थर खाणारा मासा धाग्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. निळसर चादरीला तर जवळजवळ कोणताच मासा तोंड लावत नाही. ‘गवत खाणारा प्राणी’ एवढेच सांगून कोणी आपल्याला जनावर विकू लागला, तर आपण विचारू की बाबा, शेळी की म्हैस? माशाच्या बाबतीत मात्र आपण हा प्रश्न विचारत नाही.

दुकानातले चार ‘शेवाळखाऊ’

बाजारात या नावाने मिळणाऱ्या माशांकडे एकेक करून पाहू.

पहिला नेहमीचा सकर. हा दक्षिण अमेरिकेतला, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचे चिलखत असलेला मासा. दुकानात तो बोटाएवढा मिळतो, म्हणून आपली फसगत होते. पूर्ण वाढला की तो ४० सेंटिमीटर आणि त्याहूनही लांब होऊ शकतो. लहानपणी तो काच खरवडतो हे खरे. मोठा झाल्यावर मात्र तळाशी पडलेले आयते खाद्य त्याला अधिक सोयीचे वाटते. त्याची विष्ठा पाहिलीत तर हा ‘सफाई’ करतो असे कोणी म्हणणार नाही.

दुसरा ‘चायनीज अल्गी ईटर’, जो सोनेरी रंगातही मिळतो. मूळचा आग्नेय आशियातला. वाहत्या पाण्यात तोंडाने दगडाला चिकटून राहायचे तर श्वासासाठी पाणी आत कुठून घेणार? याच्या कल्ल्याच्या झाकणाला वरच्या बाजूस एक जादा फट असते, तिथून तो पाणी आत घेतो. वर्गात सांगण्यासारखीच ही गोष्ट आहे. पण हाही २५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, वयाबरोबर तापट होतो आणि चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर ओरबाडतो. ज्याला भांडखोरांपासून वाचवायचे तो स्वतःच भांडण उकरून काढतो.

तिसरा ‘सियामीज अल्गी ईटर’. केसाळ शेवाळ खाणाऱ्या थोड्या माशांपैकी हा खरोखरीचा एक. साधारण १५ सेंटिमीटर, चपळ. अडचण अशी की ‘फ्लाइंग फॉक्स’ नावाचा त्याच्यासारखाच पट्टा असलेला, पण अधिक हद्दखोर आणि शेवाळाबाबत आळशी मासा त्याच नावाने गळ्यात मारला जातो.

चौथा ओटोसिंक्लस, चार-पाच सेंटिमीटरचा गरीब मासा. तपकिरी थर तो सुरेख साफ करतो. मोठ्या सिक्लिडच्या टाकीत सोडला तर तो स्वतःच खाद्य ठरतो. भीती वाटली की तो परांचे काटे ताठ करतो. त्यामुळे गिळणाऱ्याच्या घशात अडकून दोघेही मरण्याचा धोका असतो.

या यादीत आपल्याकडचा एक मासा कधीच नसतो. दख्खनच्या आणि सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडांना चिकटून शेवाळ खरवडणारा ‘मळ्या’. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा हे मराठी नावच शास्त्रीय नावात घेतले. आज त्याला ‘गारा मुल्या’ म्हणतात. खालच्या ओठाच्या मागे चकतीसारखा अवयव असतो, त्याने तो प्रवाहात दगड धरून बसतो. पण तोही उमद्या, वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यातला. तापलेल्या, साचलेल्या टाकीत, भांडखोर शेजाऱ्यांत त्याला आणून टाकणे हा त्याच्यावर अन्यायच होईल. ओढ्यावर सहल नेऊन तो मुलांना दाखवावा, पकडून आणू नये.

सिक्लिड भांडतात का?

सल्ल्यातला दुसरा दोष आणखी खोल आहे. ‘भांडखोर’ हा माशाचा स्वभाव समजून आपण त्याच्यात टिकेल असा दणकट मासा शोधतो. पण तो भांडतो कशासाठी, हे विचारत नाही.

सिक्लिड कुळात दीड हजाराहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या अनेक स्वतःच शेवाळ खातात. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरात खडकांवर राहणारे ‘एम्बुना’ मासे दिवसभर खडकावरचा हिरवा थर ओरबाडत असतात. काही जातींचे नर आपल्या वाट्याच्या खडकावरून इतरांना इतक्या जोराने हुसकतात, की त्या तुकड्यावर शेवाळ आजूबाजूपेक्षा दाट वाढते. टांगानिका सरोवरातही अशी शेवाळाची शेते राखणारे सिक्लिड आहेत. त्या राखणीत शेवाळ खाणारा मासा आला तर त्याला अधिक जोराने हाकलले जाते, इतरांकडे थोडे दुर्लक्ष होते. म्हणजे अशा टाकीत ‘शेवाळ खाणारा’ सोडणे म्हणजे शेतकऱ्याच्या उभ्या पिकात दुसऱ्याचे गुरू घालण्यासारखे आहे. मार बसणारच.

कॉन्व्हिक्टची गोष्ट थोडी वेगळी. जोडी जमली की ती दगडाच्या आडोशाला अंडी घालते आणि नर-मादी दोघेही अंडी-पिल्ले राखतात. सकर रात्री हिंडतो आणि मिळाली तर अंडी खातो. बोईसरच्या त्या टाकीत पहिला सकर मेला, तो या मारामारीत. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. तीन फुटांच्या काचेत पालकांना अंडी वाचवायची होती आणि सकरला पळायला जागा नव्हती. नदीत हाकललेला मासा दोन हात लांब जातो आणि भांडण संपते. टाकीत ते संपत नाही.

आपल्या देशातही सिक्लिड आहेत, हे सांगितले की मुलांना आश्चर्य वाटते. केरळातला ‘करिमीन’, गोव्यातला काळुंदर, हा त्यांतला एक. तोही शेवाळ आणि पाणवनस्पती खातो. १७९० साली ब्लॉख यांनी त्याला दिलेल्या नावात ‘सुराटेन्सिस’ म्हणजे सुरतेचा, असा शब्द आहे, जरी त्याचे खरे घर दक्षिणेकडच्या खाड्यांत असले तरी. पालघरच्या मुलांना सुरत गाडीच्या पाटीवरून ठाऊक असते, तेव्हा नावाची ही गंमत त्यांना लगेच कळेल. आणि बाजारात ‘चिलापी’ म्हणून मिळणारा तिलापिया हाही सिक्लिडच, १९५२ साली भारतात आणलेला. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

हिशेब नत्राचा

आता मुख्य मुद्दा. काचेवर शेवाळ येते कशामुळे? मासा नव्हता म्हणून नव्हे. उजेड आणि खत, दोन्ही जास्त झाले म्हणून.

त्या शाळेच्या टाकीचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. टाकी ३ फूट × १ फूट × दीड फूट, म्हणजे साडेचार घनफूट, सुमारे १२७ लिटर. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता १०० लिटर पाणी धरू. रोज एक ग्रॅम कोरडे खाद्य टाकले, तर दहा दिवसांत १० ग्रॅम. पाकिटावर प्रथिने ४० टक्के लिहिलेली होती, म्हणजे ४ ग्रॅम. प्रथिनांत साधारण १६ टक्के नत्र असतो, म्हणजे ०.६४ ग्रॅम. यातला एक-तृतीयांश माशांच्या शरीरवाढीत राहिला असे धरले, तरी सुमारे ०.४३ ग्रॅम नत्र पाण्यात आला. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून अमोनियाच्या रूपात टाकतो. गाळणीतले जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करतात. ०.४३ ग्रॅम नत्राचे नायट्रेट होते सुमारे १.९ ग्रॅम. शंभर लिटरमध्ये ते लिटरमागे १९ मिलिग्रॅम झाले. हे फक्त दहा दिवसांचे. महिनाभर पाणी न बदलता केवळ आटलेले भरून काढले, तर ते तिप्पट. त्यात पूर्वेच्या खिडकीतून सकाळी दोन तास ऊन आणि रात्री आठपर्यंत चालू राहणारा दिवा. शेवाळाला आणखी काय हवे?

या हिशेबात सकर कुठे बसवायचा? तो शेवाळ खाईल. त्या शेवाळातला नत्र त्याच्या पोटात जाईल. थोडा अंगी लागेल, बाकीचा पुन्हा पाण्यात येईल आणि त्यावर पुन्हा शेवाळ वाढेल. शिवाय सकरला पुरेल एवढे शेवाळ काचेवर नसते, म्हणून आपण त्याच्यासाठी वेगळे खाद्य टाकतो. म्हणजे खत वाढले. शेवाळ खाणारा मासा शेवाळाची जागा बदलतो, हिशेबातून ते वजा करत नाही. वजा करणाऱ्या गोष्टी तीनच : बदललेले पाणी, खरवडून बाहेर काढलेले शेवाळ आणि वाढल्यावर छाटून फेकलेल्या पाणवनस्पती.

बोईसरच्या मुलांना हे पटवायला लांब जावे लागत नाही. अनेकांचे पालक तारापूरच्या वीजकेंद्रात किंवा औद्योगिक वसाहतीत काम करतात. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रासारखी, समुद्राचे पाणी थंडाव्यासाठी घेणारी केंद्रे जगभर आहेत. पाण्याच्या नळ्यांत बुळबुळीत थर, शिंपले, बार्नेकल वाढणे ही त्यांची नेहमीची डोकेदुखी. त्यावर कोणताही अभियंता ‘थर खाणारे मासे सोडा’ असे सुचवत नाही. पाण्यात काय येते, किती येते, त्यावर नियंत्रण ठेवून आणि नळ्या साफ करूनच ते काम होते.

वर्गात करून पाहा

एकसारख्या चार पारदर्शक बाटल्या घ्या. पहिलीत एक दिवस उघडे ठेवलेले नळाचे पाणी, बाकी तिन्हींत मत्स्यालयातले पाणी. पहिली, दुसरी आणि चौथी खिडकीत ठेवा, तिसरी कपाटात. चौथीत भातखाचरातली एक लहान गोगलगाय सोडा. तीन आठवडे दर दोन दिवसांनी मुलांनी काचेचा आणि पाण्याचा रंग नोंदवावा. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून ठेवावा. दुसरी आणि तिसरी यांची तुलना उजेडाबद्दल सांगेल, पहिली आणि दुसरी यांची खताबद्दल. चौथीत काच आणि पाणी यांच्याकडे वेगवेगळे पाहा. काच स्वच्छ झाली म्हणजे पाणीही शुद्ध झाले का, हा प्रश्न मुलांवर सोपवा. प्रयोग संपला की गोगलगाय जिथून आणली तिथेच नेऊन सोडा.

बादली घेऊन नदीवर

आता त्या हातभर सकरविषयी. ‘नदीत सोडून देऊ’ हा मुलांचा विचार दयेपोटी आलेला होता. आम्हाला मात्र सगळ्या प्रकरणात हाच भाग सर्वांत गंभीर वाटतो.

सकर पोटाच्या भिंतीतून हवेतला प्राणवायू घेऊ शकतो. त्यामुळे वीज गेली, पंप बंद पडला, तरी तो तगतो. टाकीत गुण वाटणारी हीच गोष्ट नदीत संकट होते, कारण घाण पाण्यात इतर मासे मरतात आणि हा उरतो. काठाच्या मातीत बिळे करून तो अंडी घालतो. अंगावरच्या काट्यांमुळे जाळी फाटतात. केरळ, तामिळनाडू, आंध्र प्रदेश आणि पश्चिम बंगाल या राज्यांत तो उघड्या पाण्यात सापडला आहे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही मिळाला. अमेरिकेतून तो पोहत आलेला नाही. कोणाच्या तरी टाकीत, कोणाच्या तरी शेततळ्यात तो आधी होता.

सूर्या ही वैतरणेची उपनदी. पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून भातखाचरांत चढतात, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पाड्यांवरच्या घरांत ते चार दिवसांचे कालवण असते. आफ्रिकी मांगूर आणि तिलापिया यांनी स्थानिक माशांवर काय आणले, हे देशाने पाहिले आहे. मांगूरवर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी तो आजही सापडतो. एकदा पसरलेला मासा परत बोलावता येत नाही. शाळेने, तेही विज्ञानाच्या वर्गाने, तिसरा पाहुणा नदीला देऊ नये.

मग सकरचे काय करायचे? दुकानदार परत घेतो का ते विचारावे. मोठे, निदान पाच-सहा फुटांचे मत्स्यालय असलेल्या कोणाला द्यावा. यांतले काही जमले नाही तर पशुवैद्यकाला विचारावे. नदी, विहीर, तलाव, गणपतीचे कुंड, यांत मात्र सोडू नये.

तर मग कोणता मासा?

एवढे बोलून मूळ प्रश्न टाळला, असे होऊ नये. मलावीचे एम्बुना असतील तर वेगळा शेवाळखाऊ नकोच. तेच खरवडतात, थोडे शेवाळ त्यांच्यासाठी मागच्या काचेवर राहू द्यावे. मध्यम आकाराचे सिक्लिड आणि चार फुटांहून मोठी टाकी असेल, तर ‘ब्रिस्टलनोज’ हा १२ ते १५ सेंटिमीटरवर थांबणारा सकर चालू शकतो. अट अशी की तो आधी सोडावा, सिक्लिड नंतर. त्याला शिरता येईल पण त्यांना येणार नाही अशी मडक्याच्या खापरांची बिळे द्यावीत. आणि दिवे मालवल्यावर त्याच्यासाठी काकडी किंवा भोपळ्याची फोड टाकावी. फ्लॉवरहॉर्न किंवा मोठा ऑस्कर असेल, अथवा टाकी तीन फुटांचीच असेल, तर उत्तर सरळ आहे : कोणताही नाही.

बोईसरच्या बाईंना आम्ही हेच सांगितले. टाकी खिडकीपासून आत सरकवली. दिवा आठ तासांवर आणला. खाद्य निम्मे केले. दर शनिवारी एक-तृतीयांश पाणी बदलायचे आणि काच खरवडायची पाळी मुलांनी वाटून घेतली. सकरला एका मोठ्या टाकीवाल्याने नेले. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा समोरची काच स्वच्छ होती, मागची मुद्दाम हिरवी ठेवलेली होती. एक कॉन्व्हिक्टची जोडी त्या हिरव्या थराला चोची मारत होती. सातवीतल्या एका मुलीने आम्हाला वही दाखवली. तिने लिहिले होते : ‘शेवाळ खाणारे मासे आमच्याकडे आधीपासूनच होते. आम्ही त्यांना फार खायला घालत होतो.’